मावशी आतलं ऐकायची

कोपरीची माझी मावशी ताप यायच्या दोन दिवस आधी सांगायची. थर्मामीटर गप्प, आणि ही म्हणायची, "परवा मी आडवी होणार. गौरीच्या वड्यांचं पीठ आजच दळून आणते." पीठ डब्यात जायचं, शेजारच्या काकूंना मदतीला बोलावून व्हायचं, आणि तिसऱ्या दिवशी बाई खरोखर गोधडीत! आम्ही भाचरं खो खो हसायचो. आता त्याची लाज वाटते.

"तुला कसं गं कळतं?" विचारलं की म्हणायची, "आत गडबड सुरू होते. गुडघ्यात, दातांच्या मुळाशी. तुम्ही ऐकत नाही, मी ऐकते." त्यात मिरवणं नव्हतं. दूध वर येतंय हे तिला पाठमोरी असताना कळायचं, तसंच हे.

एका वर्षी मात्र ती घाबरून म्हणाली, "हे नेहमीचं नाही. माझं अंग माझ्यावरच उलटलंय." मी तिला नौपाड्यातल्या डॉक्टरकडे नेलं. त्या मेल्यानं धड तपासलंही नाही. "आजीबाई, स्वतःकडे फार लक्ष देता. मन रमवा." पन्नाशीच्या बाईला आजीबाई! ती म्हणाली, "डॉक्टर, एकदा रक्त तपासायला तरी लिहून द्या हो." हा हसला आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. सात महिन्यांत चार वेळा हेच. चारही वेळा मी शेजारी मुकाट बसून होते.

मोठ्या हॉस्पिटलात पोचलो तोवर दोन्ही किडन्या गेल्या होत्या. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोगाशी लढणाऱ्या पेशी यांच्याच शरीरावर तुटून पडल्यात. अशी लढाई पेटली की मेंदूला खबर जाते. काहींना ती फार लवकर जाणवते, यांना जाणवली होती. एवढा उशीर का केलात?" मी त्या नौपाड्याच्या डॉक्टरला शिव्या घालायला लागले. मावशीनंच माझा हात धरला. "जाऊ दे गं, त्या डॉक्टरला शिव्या देऊ नकोस," म्हणाली. तीन आठवड्यांत गेली.

ती मोठ्या मनाची होती. मी नाही.

आता बिल्डिंगमधली कुठलीही बाई "आत कसंतरी होतंय" म्हणाली की मी तिला रिक्षात घालून त्याच दवाखान्यात नेते. दुसरे चांगले डॉक्टर आहेत की, पण मला हाच हवा. रक्ततपासणी लिहून दिल्याशिवाय मी खुर्ची सोडत नाही.

गेल्या महिन्यात त्यानं पेन खाली ठेवलं. "ताई, अजून किती वर्षं सूड घेणार?"

"दवाखान्याला कुलूप लावाल तोवर," मी म्हटलं. "लिहा."