भोईरदादांची व्हायवा

परीक्षा संपली की अभ्यास आठवड्याभरात डोक्यातून उतरतो. किस्से मात्र साचत जातात! वैशाली भेटली की आम्ही तेच तेच सांगून हसतो. एक किस्सा मात्र मी तिलाही कधी सांगितला नाही.

आम्ही तिघं होतो. मी एका कुरियर कंपनीत एचआर असिस्टंट. वैशाली कामतघरच्या एका शाळेत क्लार्क. आणि भोईरदादा, खारबावचे, पन्नाशीचे, एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर. नोकरी सांभाळून मनुष्यबळ विकासाची मास्टर्स करत होतो. शेवटी होती कॉम्प्रिहेन्सिव्ह. दोन वर्षांच्या सगळ्या विषयांवर एकच लेखी पेपर, आणि मग तोंडी, म्हणजे व्हायवा. दर रविवारी सकाळी वैशालीच्या शाळेत अभ्यासाला बसायचो. शेजारच्या कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, खडखडत चालू, त्यामुळे मोठ्यानेच वाचायला लागायचं.

*

कॉलेजात मॅडमनी पहिल्यांदा ही परीक्षा समजावून सांगितली. "दोन वर्षांत जे जे शिकलात, ते सगळं विचारणार."

दादांनी हात वर केला. "जे न्हाय शिकलो, ते न्हाय ना इचारणार?"

"नाही."

"मंग माझा पेपर अर्ध्या तासात संपल!"

मॅडमसुद्धा हसल्या.

*

माणसाच्या गरजांचा पिरॅमिड, म्हणजे खालच्या पायरीवर अन्न-निवारा आणि वर मानसन्मान, शिकलो तेव्हा दादांनी तो वहीच्या कागदावर काढून गोडाऊनमध्ये नेला. जेवणाच्या सुट्टीत हमालांना विचारलं, "बोलो, तुम कौनसी सीढ़ी पे हो?"

एकजण घाम पुसत म्हणाला, "साहब, सीढ़ी बाद में. पहले पंखा लगवा दो."

दादांनी चार दिवस मालकाच्या मागे लागून पंखा लावून घेतला. रविवारी आम्हाला म्हणाले, "पहिली पायरी झाली. आता पुढचा वाचा!"

मी त्या धड्यावर सुंदर नोट्स काढल्या होत्या. पंखा लावायचं माझ्या डोक्यातही आलं नसतं.

*

वैशालीचा आवडता विषय फीडबॅक. आधी कौतुक, मग चूक, मग पुन्हा कौतुक. तिने प्रयोग केला तो थेट सासूबाईंवर. "आई, तुमच्या हाताला चव आहेच. आज आमटीत मीठ जरा जास्त पडलंय. पण फोडणी काय झकास!"

सासूबाई म्हणाल्या, "मधलं तेवढं बोलली असतीस तरी मी पाणी घातलं असतं गं!"

*

लेखी पेपरात एक्झिट इंटरव्ह्यूवर प्रश्न आला. नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं? आम्ही दोघींनी व्याख्या, उद्देश, सात मुद्दे लिहिले. दादांनी एका माणसाशी झालेलं अख्खं बोलणंच लिहून काढलं. तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, मग तो कसा रडला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "दादा, उत्तर लिहायचं होतं, नाटक नाही!"

"अगं बाय, जाणारा मानूस डेफिनेशन सांगत न्हाय."

सगळ्यांत मोठ्याने मीच हसले होते. लेखीत दादा पास झाले, काठावर का होईना.

*

व्हायवाच्या आधी एक दिवस आम्ही अकलोलीला गेलो. गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून वैशालीने मुलाखत घेतली. "तुमची वीकनेस काय?"

"इंग्रजी."

"असं सरळ नाही सांगायचं, दादा. ऐकणाऱ्याला ती स्ट्रेंथ वाटली पाहिजे."

दादांनी जरा विचार केला. "माझी मराठी इतकी चांगली हाय, का इंग्रजीची गरजच पडली न्हाय!"

*

आणि हा तो किस्सा.

व्हायवाला मी आणि दादा एकाच रिक्षाने निघालो. वाटेत त्यांनी मला शकीलची गोष्ट सांगितली. त्यांच्याकडचा हा हमाल. वाचता येत नव्हतं, पार्सलं चुकीच्या गाडीत टाकायचा. त्याला काढायचं ठरलं होतं. दादांनी रंगाचा डबा आणला. नागपूरच्या कप्प्यावर संत्रं काढलं, नाशिकच्या कप्प्यावर द्राक्षं, आणि खाली मोठ्या अक्षरांत गावाचं नाव. चित्रं बघता बघता शकील अक्षरं ओळखायला लागला. आता डिस्पॅचचं रजिस्टर तोच लिहितो.

"हेच सांगनार हाय मी आत," दादा म्हणाले.

आधी माझा नंबर लागला. परीक्षकांनी विचारलं, "तुम्ही स्वतः घडवलेल्या एखाद्या कामगाराबद्दल सांगा."

मला एकही आठवेना. दोन वर्षांत मी फॉर्म भरले होते, पत्रं टाइप केली होती. आणि मी बोलायला लागले, "आमच्याकडे शकील नावाचा एक हमाल होता..." चांगल्या इंग्रजीत सांगितलं. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं!

बाहेर दादा बसले होते. "काय इचारला गं?"

"काही नाही, नेहमीचंच."

ते आत गेले आणि पाच मिनिटांत बाहेर आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "जातो. ड्युटी हाय."

दादा व्हायवात नापास झाले. परत फॉर्म भरला नाही. मी दोनदा त्यांच्या गोडाऊनच्या गेटपर्यंत गेले आणि मागे फिरले.

सर्टिफिकेट घ्यायला कॉलेजात गेले तेव्हा मॅडम भेटल्या. व्हायवाला त्या आतच बसल्या होत्या. म्हणाल्या, "त्या भोईरांनी तुझीच गोष्ट आम्हाला ऐकवली गं! पण माणूस प्रामाणिक हं. 'ही तर आम्ही आत्ताच ऐकली, तुम्ही कुठून ऐकलीत?' विचारल्यावर लगेच कबूल केलं. 'आत्ता गेली ना बाय, तिचीच हाय. सकाळी रिक्षात सांगितली मला.'"

मी म्हटलं, "हो मॅडम."