नणंदबाईंचा डोंगर

साठी उलटल्यावर आमच्या नणंदबाईंनी तलवार हाती घेतली. हसताय काय, खरं सांगतेय. माझा लेक नोकरीसाठी परगावी गेला आणि त्याचा व्हिडिओ गेम टीव्हीला जोडलेला तसाच राहिला. ताई धूळ पुसायला गेल्या, कुठलं तरी बटण दाबलं गेलं, आणि पडद्यावर जंगल, नदी, आणि मधोमध चिलखत घातलेली एक धिप्पाड बाई उभी. ताईंनी फडकं खाली ठेवलं ते ठेवलंच.

ताई जन्मभर कपड्यांच्या कारखान्यात माल तपासायला. सुटलेला टाका, वाकडं काज, लोंबता दोरा, काही म्हणून नजरेतून सुटायचं नाही. स्वतः लग्न केलं नाही. धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या ह्यांना, शिकवलं आणि माझ्याशी त्यांचं लग्न लावून दिलं. त्यामुळे मला बोलायची सोय नाही. तरी मी बोलतेच.

त्या खेळात राक्षस मारायचे, जादू शिकायची, राज्य वाचवायचं. ताईंना त्यातलं काही नको. तिकडे राजा वाट बघून सुकला असेल, आणि ह्या आपल्या झाडपाला वेचतायत! ओसाड घरात शिरायच्या आणि दिसेल ते उचलायच्या. पातेली, झारे, फुटक्या बादल्या.

"अहो ताई, ही भांडी कुठे नेताय?"

"असू दे गं. वेळेला लागतात."

आमची कपाटंही अशीच भरलीत, ते जाऊ दे. पण त्या खेळात ओझं ठरावीक वजनापलीकडे गेलं की माणसाला धावता येत नाही, घोडा पळवता येत नाही, नुसते पाय ओढत चालायचं. ताईंची ती धिप्पाड बाई कायम पाय ओढतच चाललेली. मी म्हणे, टाका ते. त्या म्हणत, घाई कसली आहे?

एकदा फोनवर लेकाने सांगितलं, "आत्या, यात जे दिसतं ना, तिथे जाता येतं. तो मागचा बर्फाचा डोंगर दिसतोय, त्याच्या टोकावरसुद्धा." ताईंना ते खरंच वाटेना. दिसतं तिथे जाता येतं, असं त्यांना आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

मग काचबिंदू निघाला. मेला गुपचूप येतो, दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात येतो. ताईंचे खांदे दाराच्या चौकटीला आपटायला लागले तेव्हा आम्हाला जाग आली. एक डोळा तोवर गेलेला, दुसऱ्यात मधलं तेवढं उरलेलं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, थेंब घालू, उरलेलं धरून ठेवायचा प्रयत्न करू. त्यांचा आवाज इतका मऊ होता की मला रागच आला.

घरी आल्या आल्या ताई म्हणाल्या, "अगं, मला त्या डोंगरावरून एकदा सगळं खाली बघायचंय. जमतंय तोवर."

"मग आधी ती भांडी टाका."

"भांड्यांचं काय मध्येच?"

दुपारची कामं आवरली की आम्ही डोंगर चढायला बसायचो. कडेचं त्यांना दिसायचं नाही, म्हणून लांडगे आले की मी सांगायची. "डावीकडे! अहो डावीकडे, दुसरा!" मी किंचाळायची, ताई तलवार फिरवायच्या, आणि शेजारीण दार वाजवून विचारायची, सगळं ठीक आहे ना. हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण वाट संपता संपेना. धावता येत असतं तर चार-दोन दुपारींचं काम. त्या ओझ्यापायी आठवडे गेले. मी हातापाया पडले, भांडले, अबोला धरला. ताई ढिम्म. जिथे खेळ थांबवायचो तिथून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाऊल पाऊल.

आणि तेवढ्या दिवसांत त्यांची खुर्ची टीव्हीच्या जवळ जवळ सरकत गेली. "आज उजेड कमी केलास का गं?" त्या विचारायच्या. उजेड होता तेवढाच होता. मी उठून उगाच टीव्हीच्या बटणांशी चाळा करायची आणि म्हणायची, "हं, आता बघा." थेंब वेळेवर घालत होतो, तपासण्या होत होत्या. आणखी काय करायचं असतं माणसाने? मला कुणीतरी सांगावं!

शेवटी एका दुपारी वाट संपली. टोक आलं. पण खेळात तेव्हा रात्र होती, सगळं काळं. ताई म्हणाल्या, "थांबू या. खेळातली रात्र ती केवढीशी! उजाडलं की बघते." खेळाची बटणं मांडीवर ठेवून त्या पुढे झुकून बसल्या. मी शेजारी.

थोड्या वेळाने आभाळाची कड फिकी झाली. मग बर्फावर गुलाबी चढलं, खालची नदी चमकली, आम्ही हिंडलेली गावं एकेक करून वर आली, ओसाड घरंसुद्धा. इतकं सुंदर होतं, काय सांगू! मी ताईंकडे वळले. टीव्हीचा सगळा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता.

"उजाडायला आलं का गं?" त्यांनी विचारलं.

 मी त्यांचा हात धरला.

"अजून नाही, ताई," मी म्हटलं. "वेळ आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग बसू या थोडं."