तोंडात खिळे नसताना

सोफ्याला रेक्झिन ठोकणाऱ्याला हात दोनच असतात. एकाने रेक्झिन ताणायचं, दुसऱ्याने हातोडी मारायची. मग खिळे ठेवायचे कुठे? मौनीबुवा ते तोंडात ठेवत. ओठांत बारीक खिळे धरून बसलेला माणूस बोलणार काय, कपाळ? म्हणून तर त्यांना हे नाव पडलं. घरातल्यांनाही त्यांच्या नुसत्या ‘हं’वर भागवायची सवय झाली होती.

खालची दाढ किडली तेव्हा बुवांनी लवंगेचं तेल लावलं आणि खिळे दुसऱ्या गालाकडे सरकवले. गाल सुजला, तर म्हणाले खिळा टोचला असेल. दाढ काढायचं नाव काढलं की हा धडधाकट माणूस घाबरून दुकानाबाहेर सटकायचा. सूज जबड्याखाली उतरली, तेव्हा त्यांनी गळ्याला मफलर गुंडाळला.

सून दुकानातच शिलाई मशीनवर गाद्यांची कव्हरं शिवायची. तिचं सारखं विचारणं बुवांना मुळीच खपत नसे. त्या दुपारी तिने कापडाचं काहीतरी विचारलं, ‘हं’ असं उत्तर आलं, आणि तिची नजर खिळ्यांच्या डबीवर गेली. डबी काठोकाठ भरलेली. म्हणजे तोंड रिकामं होतं, तरी माणूस बोलत नव्हता.

“बाबा, तोंड उघडा बघू.”

उघडेना. बोट शिरेल एवढीही फट होईना. ओठांतून लाळ गळत होती, श्वासाला घरघर लागली होती. बुवांनी हातानेच ‘काही नाही’ म्हटलं. तिने ऐकलं नाही. काम तसंच टाकून, रस्त्यावरची पहिली गाडी अडवून तिने त्यांना इस्पितळात नेलं.

दाढेतला पू गळ्यात उतरलाय, जीभ वर ढकलली गेलीय, श्वासाची वाट बंद होत चाललीय, असं डॉक्टरांनी सांगितलं. आधी श्वासासाठी नळी घातली, मग हनुवटीखाली चिरा देऊन पू काढला आणि ती दाढही उपटली. सून बाहेरच्या बाकावर जीव मुठीत धरून बसली होती.

पुढे नळी निघाली आणि छातीभर हवा आत गेली, तेव्हा बुवांना रडू आवरेना. इतकं साधं सुख त्यांनी आजवर कधी जाणलंच नव्हतं.

दुकानात आता गिऱ्हाइकं हनुवटीखालच्या व्रणाबद्दल विचारतात. बुवा हातोडी खाली ठेवून सगळं साग्रसंगीत सांगतात. सून लाजून मशीनमध्ये डोकं घालते.

“मला वाटायचं, दाढ किडली तर फार तर दाढ जाईल,” ते म्हणतात. “इथे मीच चाललो होतो. आता घेतो तो एकेक श्वास या पोरीने दिलेला आहे.”