चांदीच्या मुठीची काठी

उधवा गावचे म्हातारे काका तलासरीत परवान्याच्या ठासणीच्या बंदुका दुरुस्त करतात. मी त्यांच्या हाताखाली काम शिकतो. प्रत्येक बंदुकीला ते ‘बाई’ म्हणतात. “बाईचा घोडा अडलाय, होईल बरी.” आजवर एकही त्यांनी परत पाठवली नव्हती.

परवा एक वाडीवाले शेठ आपल्या आजोबांची चांदीच्या मुठीची काठी घेऊन आले. मूठ पिरगळली की खालून चाप बाहेर यायचा. काठीच बंदूक होती. काका कितीतरी वेळ ती न्याहाळत राहिले.

“चालू करा, काका. भिंतीवर लावायचीय.”

“नाय होणार, शेठ.”

शेठ गेल्यावर मी भडकलो. “नुसता गंज होता! खोटं का बोललात?”

“माझा बा हिनंच मेला. हिला बघून तो पळाला नाय. त्याला वाटलं, फार तर फटके बसतील.”