दाजींचा धक्का

धक्का देऊन पाहिल्याशिवाय जगातल्या कुठल्याही वस्तूवर विश्वास न ठेवणारा माणूस आमच्या दाजींखेरीज दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मोशीचे जुने शेतकरी. ताईला पाहायला आले तेव्हा त्यांनी आधी आमची खुर्ची हलवून पाहिली आणि मगच ताईकडे पाहिलं. पुढे लग्नात अंतरपाट धरलेला, भटजींनी घसा साफ केलेला, आणि नवरदेव मांडवाचा खांब ढकलताहेत. "पडायचा आसंल तर अक्षतांच्या आधी पडू द्या," असं त्यांचं म्हणणं. खांब पडला नाही. दाजींनी तपासलेलं काहीच कधी पडलं नाही, आणि म्हणूनच त्यांना कोणी शहाणं म्हटलं नाही. आपल्याकडे शहाणपण सिद्ध व्हायला आधी काहीतरी कोसळावं लागतं.

अशा माणसाने लष्कराच्या लिलावातून एक अवजड जुनी पिकअप घ्यावी, हेच नवल. पिंपरीला तेव्हा नवा कारखाना बांधला जात होता आणि त्या बांधकामावर इंद्रायणीची वाळू पोचवायचं काम दाजींना मिळणार होतं. अट एकच. सोमवारी सकाळी मुकादम नदीवर येईल, त्याच्या डोळ्यांदेखत भरलेली गाडी पात्रातून वर आली पाहिजे. नाही आली तर काम दुसऱ्याला. कोरडवाहू जमिनीला कंटाळलेल्या ताईने त्या सोमवारावर सगळी भिस्त ठेवली होती. पण वाळू भरली की गाडीची मागची बाजू बसायची आणि पोट धोंड्यांना घासायचं. तेव्हा मागच्या चाकांवरचे कमानीसारखे लोखंडी पाटे काढून तिथे जास्त पाट्यांचा जाड जुडगा बसवायचा, गाडी चार बोटं उंच करायची, आणि हे सगळं घरच्या अंगणात, असा बेत ठरला.

दाजींचे चुलते तात्या हे गावचे बिनपगारी सल्लागार. ते म्हणाले, "त्यात काय हाय? दहा गडी लावू. बैलगाडी उचलतो तशी उचलू, खाली उखळ सारू."

"तात्या, बैलगाडी पायावर पडली तर मानूस लंगडतो. ही पडली तर पापड व्हतो."

दाजींचा जॅकवरही भरवसा नव्हता. "जॅक उचलतो, धरत न्हाई," हे ते इतक्या गंभीरपणे सांगत, की ऐकणाऱ्याला एखाद्या नातेवाइकाची आठवण यावी. धरण्यासाठी म्हणून त्यांनी दापोडीहून रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर बैलगाडीतून आणवले. मोटार उचलायला बैल लागले म्हणून गाव दोन दिवस हसलं. मग पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लागले, जॅकखाली फळी आली, गाडी इंचाइंचाने वर गेली आणि आडवे-उभे रचलेल्या स्लीपरांवर टेकली. "आमच्या आज्याच्या वेळचं आंगन हाय," तात्यांनी पाय आपटून ग्वाही दिली, "दगुड हाय दगुड!" दाजींनी गाडीला चारही बाजूंनी धक्के दिले आणि उंबऱ्यावर चहा पीत बसले.

"दाजी, आता काय राहिलं?" मी विचारलं.

"तिला मन बदलायचं आसंल तर आता बदलू द्या. मी खाली गेल्यावर नगं."

गाडीला विचार करायला त्यांनी दोन कप चहाइतका वेळ दिला. तिने मन बदललं नाही. आतल्या नटापर्यंत दाजींचा दांडगा हात पोचेना, आणि पुस्तकं वाचून वाचून इतका बारीक झालेला माणूस घरात मी एकटाच होतो.

"त्याला नका हो घालू खाली," ताई म्हणाली. "एकुलता भाऊ आहे माझा."

"म्हनून तर दोन कप च्या घेतला!"

शनिवारची दुपार. मदतीचे गडी जेवायला गेले होते, ताई आत भाकऱ्या थापत होती. मी आणि दाजी गाडीखाली उताणे होतो. एकाएकी जमिनीतून पोकळ आवाज आला आणि पाटे सैल करायला पुन्हा किंचित चढवलेला जॅक फळीसकट खाली गेला. त्याच आज्याने अंगणात धान्य साठवायला पेव खणलं होतं आणि पुढे ते वरवर बुजवलं होतं. दगडासारख्या अंगणाच्या पोटात तो खड्डा तसाच होता. गाडी करकरली, बोटभर खाली आली आणि स्लीपरांवर थांबली. माझ्या छातीवर वीतभर जागा होती, ती बोटभर कमी झाली, एवढंच.

"सरक. हळू," दाजी म्हणाले. बाहेर आल्यावर त्यांनी मला बजावलं, "आपून खाली व्हतो हे तुझ्या ताईला कळता कामा नये. तुला ह्या घरात पाऊल टाकू द्यायची न्हाई, आन् मला गाडीत."

पेव खचलं हे लपण्यासारखं नव्हतं. आम्ही खाली होतो हे मात्र लपलं. दाजींनी काम थांबवून पेवात दगड-मुरूम भरला आणि दोन दिवस ते ठोकून ठोकून घट्ट करत राहिले. सोमवार गेला, काम दुसऱ्याला मिळालं. अंगणाची ग्वाही देणारे तात्याच सर्वांत मोठ्याने हसले, "गाडी शाबूत, खाली चिटपाखरू न्हाई, आन् ह्यो दोन दिस भुई ठोकतोय!" पुढे पिकअप उंच झाली आणि गावचे कांदे बाजारात नेत राहिली. ताई मात्र कधी कधी चिडून म्हणायची, "तुमच्या त्या धक्क्यांपायी हातातलं काम गेलं." दाजी "व्हय, गेलं खरं" म्हणत आणि पुढची भाकरी मोडत.

गेल्या महिन्यात दाजी तापाने गेले. तेराव्याला तात्यांनी पंगतीत गहिवरून पुन्हा तोच किस्सा सांगितला. माणसं हसली. वाढता वाढता ताईही डोळे पुसत हसली. पंगत उठल्यावर मी तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे इतकी वर्षं मी त्यांना बोलत राहिले," ती म्हणाली, "आणि तू माझ्याच हातचं जेवून गप्प बसलास."

मी पत्रावळी गोळा करू लागलो. मग तिने विचारलं, "बाहेर आल्यावर त्यांनी काय केलं रे?"

"काही नाही. माझा सदरा झटकत होते. धूळ निघून गेली तरी झटकतच होते."

ताईने पदराने तोंड पुसलं.

"तरी मी म्हणत होते," ती म्हणाली, "गाडीचं काम करून तू जेवायला बसलास, तेव्हा तुझा सदरा एवढा स्वच्छ कसा."