माझ्या लाइव्हचं हळदीकुंकू

डोंबिवलीची आमची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली आणि तिच्याबरोबर माझा शिवणक्लासही. तळमजल्यावरच्या त्या खोलीत मी उभं आयुष्य बायकांना ब्लाऊज शिवायला शिकवलं. भाड्याचं घर मिळालं ते टिटवाळ्याला. तिथवर कोण येणार शिकायला? मशीनवर झाकण घातलेलं, त्यावर मी चहाचा कप ठेवायला लागले. क्लास बंद पडला, एवढं तोंडाने म्हणायची मात्र हिंमत होत नव्हती.

सून म्हणाली, "आई, लाइव्ह करा ना. फोनसमोर कटिंग दाखवायचं. बायका बघतील."

"कुठल्या बायका?"

"कुठल्याही!"

हे ऐकून मी जी उडाले, काही विचारू नका. तेव्हाची मी म्हणजे वयाने साठीपार आणि अकलेने बालवाडीत. लग्नातला शालू नेसले, पावडर थापली, गजरासुद्धा माळला. फोन कणकेच्या डब्याला टेकवला, बटण दाबलं आणि कात्री घेऊन बसले. म्हणजे नुसतीच बसले! क्लासचा नियमच होता, सगळ्या जमल्याशिवाय खडू कापडाला लावायचा नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात डोळ्याचं चित्र, त्याच्याशेजारी शून्य. बऱ्याच वेळाने शून्याचा एक झाला. मी हरखून म्हटलं, "या या, बसा हं. बाकीच्या आल्या की सुरू करू."

एकाचा परत शून्य झाला.

"आई, तिला ताटकळत ठेवलंत?" सून दारात पोट धरून हसत होती.

"मग एकटीसाठी कापड फाडू का?"

असला माझा तोरा. पुढचे कित्येक दिवस हेच. शालू तेवढा परत कपाटात गेला. शेवटी सूनच म्हणाली, "आधी लोकांना सांगायला लागतं हो. बोलवायला लागतं."

बोलावणं! हे तर मला चांगलं जमत होतं. संक्रांतीचे दिवस होते. मी कुंकवाचा करंडा घेतला आणि अख्खी इमारत पालथी घातली. दार उघडेल तिला हळदीकुंकू लावायचं आणि सांगायचं, "शनिवारी चारला माझं लाइव्ह आहे. नक्की यायचं हं."

शनिवारी चारला मी फोन सुरू केला आणि दाराची बेल वाजली. आमच्या ह्यांनी दार उघडलं, समोरचा घोळका बघितला आणि चपला घालून मुकाट्याने खाली निघून गेले. काठपदराच्या साड्या, नथी, हातात रुमाल! कुंकू लावून बोलावलं होतं, मग बायका घरीच येणार ना. सोफा भरला, मग जमीन भरली.

"काकू, कुठेय तुमचं लाइव्ह?" हिरव्या साडीतलीने विचारलं.

मी कणकेच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"अय्या, फोनवर होतं? मग मी एवढी इस्त्री कशाला केली?"

आमची घरमालकीण गावातली, जुन्या शेतकरी घरातली. तिने पाय पसरले आणि म्हणाली, "आता आलूय तर शिकव गो बाय. का फोनलाच शिकवतंस?"

तिळगूळ वाटला. सगळ्या जमल्याच होत्या, तेव्हा नियमाप्रमाणे खडू उचलला. मुंढ्याचा आकार काढला, म्हणजे बाही जिथे जोडतात तो भाग. हिरव्या साडीतली म्हणाली, तिचा टेलर अजून खोल कापतो. दुसरी म्हणाली, म्हणूनच तुझा खांद्यावरून उतरतो. जे काय भांडण पेटलं! मी हातवारे करून समजावत होते, घरमालकीण दोघींना चिडवत होती. फोन पार विसरून गेले.

मागून सून हवेत हात नाचवत होती. डब्याकडे बघते तर काय, शून्याचा पत्ता नव्हता. खाली भराभर लिहून येत होतं. 'हिरव्या साडीवाल्या ताई बरोबर बोलतायत.' 'जरा हळू भांडा, मुंढा दिसत नाहीये.' आणि एकीने लिहिलं होतं, 'बाई, तुम्हीच ना? आवाजावरून ओळखलं. मला वाटलं क्लास बंद झाला.'

'बाई' वाचून मला पुढचं वाचता येईना. चष्मा पुसला.

माझ्या शालूला, गजऱ्याला कोणी भुललं नव्हतं. भरल्या घरातला कलकलाट ऐकून बायका डोकावल्या होत्या, आणि तो कलकलाट माझा नव्हता, शेजारणींचा होता. त्यांचे उपकार मी कधी बोलून दाखवत नाही, डोक्यावर बसतील. पण शनिवार आला की त्या अजून येतात. घरमालकिणीला तर सुईत दोरासुद्धा ओवायचा नाही, तरी मध्येच म्हणते, "परत सांग गो, नाय समजला." फोनवरच्या बायका विचारायला लाजतात, हे तिने माझ्याआधी ओळखलं.

परवा विठ्ठलवाडीच्या एकीने तिच्या पहिल्या ब्लाऊजचा फोटो पाठवला. आम्ही एकमेकींना कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. मी फोटो मोठा करून करून बघितला. उजव्या मुंढ्याला चुणी होती. लिहिलं, 'छान. उजवी बाही उसवा.'

लगेच उत्तर आलं, 'हो बाई. शनिवारी दाखवते.'