जीपच्या पाइपाला पाडलेलं भोक

मामांची जीप मी बिघडवली, हे आज पहिल्यांदाच कबूल करतोय. लाज वाटते. वाटायलाच पाहिजे.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी मी सांगलीत आयटीआय करून कडेगावला मामांकडे राहायला गेलो. मामा पलटणीतून पेन्शनीवर आलेले. लिलावात घेतलेली मिल्ट्रीची जुनी जीप म्हणजे त्यांच्या काळजाचा तुकडा. ती चालवायला आटपाडीकडचा एक धनगर होता, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा.

रोज सकाळी तो बॉनेट उघडून हवेच्या फिल्टरची वाटी बघायचा. वाटीत तेल असतं, धूळ त्यात अडकते आणि इंजिनाला स्वच्छ हवा मिळते. मला वाटायचं, या वाटीनंच गाडीचा दम कोंडतोय. मोठा शहाणा ना मी! एके दुपारी तो जेवायला गेल्यावर फिल्टरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी पाइपाला मी खालच्या अंगानं, दिसणार नाही असं भोक पाडलं. चढाला 'सूंऽ' असा आवाज यायला लागला. "काय पळतीया रं आता!" मामा खूश. "कार्बोरेटर सेट केला," मी ठोकून दिलं.

उन्हाळाभर कच्च्या रस्त्यांचा फुफाटा त्या भोकातून थेट इंजिनात गेला. जीप निळा धूर ओकायला लागली. सांगलीच्या गॅरेजला न्यायच्या आधी मी गुपचूप पाइप बदलला. मिस्त्रीनं इंजिन खोललं आणि म्हणाला, "सगळं मातीनं खाल्लंय. वाटीत तेलच नसणार."

घरी आल्यावर मामांनी ड्रायव्हरला अंगणात उभं केलं. "रोज तेल बघितलंस म्हणून भंडारा उचल. उचललास तर माझा इस्वास. न्हाईतर आजच चालता हो."

त्यानं खिशातून देवाच्या भंडाऱ्याची पिशवी काढली. भंडारा हातात घेऊन त्याच्या घरात कुणी खोटं बोललेलं नव्हतं. पिवळी चिमूट बोटांत धरून तो माझ्याकडं वळला.

"पाव्हणं, तुमी शिकल्यालं. वाटी भरल्याली आसली, तर माती आत जाती का वं?"

'जाती' एवढ्या एका शब्दात सगळं निभलं असतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "न्हाई."

"मग माजंच कवातरी चुकलं आसंल." त्यानं चिमूट परत पिशवीत सोडली. "खोटा भंडारा न्हाई उचलायचो मी."

मामांनी तोंड फिरवलं. मी ठोंब्यासारखा तिथंच उभा. अरे, बोल की मेल्या! त्यानं घोंगडं खांद्यावर टाकलं आणि जीपची किल्ली माझ्या हातात दिली.

"रोज सकाळी वाटी तेवढी बघत जावा, पाव्हणं."

मी "व्हय" म्हणालो.